तपासणीच्या चिठ्ठीनंतर काय? विशेष आरोग्य गरजा असलेल्या मुलांसाठी कोणते संशोधन आधी व्हावे

गेल्या पावसाळ्यात एका केंद्राच्या बाकावर मी एका आईशेजारी बसले होते. तिचा सात वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर आडवा होता, कारण सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेने हालचालींवरचा ताबा कमी झाल्यामुळे, त्याला आधाराशिवाय बसता येत नव्हते आणि त्याला बसवता येईल अशी खुर्ची तेथे नव्हती. तिच्या कापडी पिशवीत प्लॅस्टिकची जाड फाइल होती. एमआरआयची फिल्म, ईईजीचा अहवाल, झटक्यांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, दिव्यांगत्व प्रमाणपत्राची लॅमिनेट केलेली प्रत आणि चार वेगवेगळ्या ठिकाणचे केसपेपर तिने तारखेनुसार लावून ठेवले होते. कागद पाहून झाल्यावर तिने विचारले, "ताई, शी-शू आल्याचं सांगायला ह्याला कसं शिकवायचं? आता उचलून न्यायला जड जातो हो." एवढ्या मोठ्या फाइलमध्ये या प्रश्नाविषयी एक ओळही नव्हती.

हा प्रश्न वैद्यकीय संशोधनाचा आहे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर स्पष्टपणे होकारार्थी आहे. संशोधनाचा अग्रक्रम ठरवणे म्हणजे, पैसा, माणसे आणि वेळ मोजकी असताना कोणत्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधायचे हे ठरवणे. तो अग्रक्रम कोण ठरवतो यावर त्या आईचा प्रश्न यादीत येणार की नाही हे अवलंबून असते.

आधी ही मुले कोण ते पाहू. १९९८ साली अमेरिकेच्या माता व बाल आरोग्य विभागाने एक व्याख्या केली, जी आजही जगभर वापरली जाते. ज्या मुलांना दीर्घकाळ टिकणारा शारीरिक, विकासात्मक, वर्तनविषयक किंवा भावनिक स्वरूपाचा आजार आहे अथवा तो होण्याचा धोका अधिक आहे, आणि ज्यांना इतर मुलांपेक्षा वेगळ्या किंवा जास्त आरोग्यसेवा लागतात, ती सगळी मुले या व्याख्येत येतात. येथे मोजमाप आजाराच्या नावाने होत नाही, गरजेने होते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे आणि तिच्यात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे सगळे आहे. मात्र टाइप १ मधुमेह असलेली मुलगी, जिला दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते आणि शाळेत साखर उतरली तर काय करायचे हे बाईंना माहीत असावे लागते, ती या यादीत बसत नाही. गरजेची व्याख्या लावली की ती आत येते. म्हणून संशोधनासाठी मला ही रुंद व्याख्या अधिक उपयोगाची वाटते.

मुलांची संख्याही लहान नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी झाली. अपस्मार, ऐकू न येणे, दिसण्यातील दोष, बोलण्याच्या अडचणी, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता असे मेंदूच्या विकासाशी निगडित दोष त्यात पाहिले गेले. सहा वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ९.२ टक्के आणि त्यावरील मुलांत १३.६ टक्के निघाले. चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असू शकतात, एवढा त्याचा अर्थ. जन्मतः कमी वजन, वेळेआधी जन्म, जन्मानंतर रडायला उशीर, मेंदूचा संसर्ग, खुंटलेली वाढ ही त्या अभ्यासात दिसलेली संबंधित कारणे आपल्या गावागावांत ओळखीची आहेत.

आता संशोधनाकडे येऊ. २००९ साली इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लासझिऊ या दोन संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असा अंदाज मांडला की वैद्यकीय संशोधनावरील सुमारे ८५ टक्के गुंतवणूक वाया जाते. अभ्यासाची आखणी सदोष असते, निष्कर्ष प्रसिद्धच होत नाहीत, किंवा इतके अपुरे लिहिले जातात की कोणाला वापरता येत नाहीत. पण या सगळ्याच्या आधीचे त्यांनी दिलेले कारण असे की, रुग्णाला आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्याला ज्याचे उत्तर हवे असते तो प्रश्न मुळात विचारलाच जात नाही.

यावर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये २००४ साली जेम्स लिंड अलायन्स ही व्यवस्था सुरू झाली. १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांना वेगवेगळे उपाय देऊन संत्री-लिंबांचा गुण पडताळून पाहणाऱ्या डॉक्टरचे नाव तिला दिलेले आहे. पद्धत सोपी आहे. एखाद्या आजाराबद्दल रुग्ण, पालक आणि उपचार करणारे यांच्याकडून त्यांना पडलेले प्रश्न गोळा करायचे, त्यांतील ज्यांची उत्तरे आधीच मिळालेली आहेत ते बाजूला काढायचे, सारखे प्रश्न एकत्र करायचे, आणि उरलेल्यांतून पहिले दहा सर्वांनी एका टेबलाभोवती बसून ठरवायचे. मेंदू व मज्जासंस्थेशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी अशी यादी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिला क्रमांक थेरपी कोणत्या वयात, किती आणि किती वेळा दिल्याने फरक पडतो या प्रश्नाला मिळाला. दुसरा प्रश्न मुलाला आपले म्हणणे सांगता यावे यासाठी योग्य मार्ग कसा निवडायचा हा होता. अगदी लहान वयात स्वतः चालवता येईल अशी चाकाची खुर्ची दिली तर मुलाचा आत्मविश्वास वाढतो का, हा चौथा. आणि सातवा प्रश्न मल-मूत्रावर ताबा लवकर यावा यासाठी पद्धतशीर शिकवणे, औषधे किंवा शस्त्रक्रिया यांचा उपयोग होतो का, हा होता. बाकावरच्या त्या आईने विचारलेलाच प्रश्न हजारो मैलांवरच्या पालकांनी पहिल्या दहांत आणून ठेवला होता.

जागतिक बालआरोग्यात दुसरीही एक पद्धत प्रचलित आहे. तिला सीएचएनआरआय म्हणतात. तिच्यात तज्ज्ञ प्रत्येक प्रश्नाला पाच कसोट्यांवर गुण देतात: या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य आहे का, त्यातून निघालेला उपाय गुणकारी ठरेल का, तो लोकांपर्यंत पोहोचवता येईल का, त्याने आजाराचा भार किती हलका होईल, आणि त्याचा लाभ गरिबांपर्यंत जाईल का. कसोट्या चांगल्या आहेत. तिसरी आणि पाचवी तर आपल्याकडे पाठ करून ठेवावी अशी आहे. मात्र गुण देणारे मुख्यतः तज्ज्ञ असतात, आणि शी-शूचा प्रश्न तज्ज्ञांच्या यादीत सहसा येत नाही, कारण तो त्यांच्या टेबलासमोर उच्चारायला आईला संकोच वाटतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे, आणि तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमापासून सुरू होतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कार्यक्रमाची देशव्यापी सुरुवात पालघरहून झाली, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वे-लोह इत्यादींची कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील सुमारे ३० अवस्थांसाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दोष आढळला की मुलाला चिठ्ठी देऊन पुढे पाठवले जाते, आणि विकासाच्या अडचणींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, ही या केंद्रामागची कल्पना अत्यंत योग्य आहे.

चिठ्ठी मिळाल्यानंतर त्या मुलाचे काय होते, हा तो पहिला प्रश्न. किती मुले तपासली याचा आकडा दर महिन्याला वर जातो. मूल केंद्रापर्यंत पोहोचले का, किती दिवसांनी पोहोचले, दुसऱ्यांदा आले का, तिसऱ्या खेपेनंतर का थांबले, आणि वर्षभराने ते अधिक काही करू लागले का, याचा हिशेब मात्र मुलागणिक ठेवावा लागतो, आणि तो ठेवणे हेच संशोधन आहे. आई ज्या दिवशी जिल्ह्याला जाते त्या दिवशी तिचा रोज बुडतो, धाकट्याला शेजारी ठेवावे लागते, आणि एसटीत मोठ्या मुलाला मांडीवर घेऊन दोन-दोन तास बसावे लागते. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांच्या व्यायामासाठी हे सगळे करणे किती काळ शक्य आहे, हे कोणत्याही पालकाला विचारले तर कळेल.

याचा अभ्यास कसा करायचा तेही सांगते, कारण 'संशोधन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. एका जिल्ह्यातले दहा-बारा तालुके घ्या. थेरपिस्टने ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयात यावे आणि आईला घरी करायच्या गोष्टी शिकवून आशाताईंनी दर पंधरवड्याला घरी जाऊन पाहावे, अशी नवी पद्धत ठरवा. ती सगळीकडे एकदम सुरू न करता कोणत्या तालुक्यात आधी आणि कोणत्या तालुक्यात नंतर हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ज्या तालुक्याची पाळी अजून यायची आहे तेथील मुलांशी आधीच्या तालुक्यातील मुलांची तुलना करता येते, आणि शेवटी कोणताही तालुका वंचित राहत नाही. उपचार रोखून धरून तुलना करण्याचा नैतिक पेच या मांडणीत पुष्कळसा टळतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीतही हेच लागू होते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि विदर्भातील व सातपुड्यातील आदिवासी भागाला तिची गरज होतीच. मात्र तपासणीचे कार्ड हातात पडल्यानंतर, वेदनांचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज मिळते का, तिच्यासाठी लागणारी रक्ततपासणी जवळपास होते का, आणि अंग दुखायला लागल्यावर रात्री कुठे जायचे हे घरच्यांना ठाऊक आहे का, यावरच त्या मुलाचे बालपण ठरते.

दुसरा मोठा प्रश्न असा की उपचार देणार कोण. प्रशिक्षित थेरपिस्ट शहरांत एकवटलेले आहेत आणि पुढची अनेक वर्षे ते पुरेसे होणार नाहीत. येथे गोव्याचे एक उदाहरण फार मोलाचे आहे. संगथ या संस्थेच्या संशोधकांनी पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांसोबत, ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांसाठी तयार झालेली पालकांना शिकवण्याची एक पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळेल अशी बदलून घेतली, आणि ती तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांच्या हाती दिली. २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत बारा सत्रे होती. मूल गाडीचे चाक फिरवत बसले असेल तर आईने "रंग सांग, लाल कुठला?" असे विचारण्याऐवजी त्याच्याजवळ बसून चाकाकडेच पाहायचे, "गरगर, गरगर" म्हणायचे आणि थांबायचे, अशा प्रकारचे ते शिक्षण होते. ज्या घरांत ते दिले गेले तेथे पालक मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. चाचणी लहान होती. परिणाम वर्षानुवर्षे टिकतो का आणि सरकारी व्यवस्थेत हजारो घरांसाठी हे जमेल का, हे तपासणे हा पुढचा अग्रक्रम आहे.

घरातून सुरू झालेले संशोधन देशाचे धोरण बदलू शकते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, ४७ गावांशी तुलना केली, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली दाखवून दिले. पुढे आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वाटेने आला. त्या यशातूनच आजचा प्रश्न निर्माण होतो. वाचलेले, कमी वजनाचे, जन्मतः गुदमरलेले बाळ पुढे कसे वाढते? पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा ती १८ वर्षांची होईपर्यंत घेतला. पत्ते बदलतात, कुटुंबे गाव सोडतात, तरी दोन दशके चिकाटीने केलेले हे काम मला अतिशय आदराचे वाटते. नवजात अतिदक्षता कक्षातून आज घरी जाणाऱ्या बाळांसाठी असा मागोवा प्रत्येक जिल्ह्यात हवा, आणि त्याची निकडही वाढलेली आहे, कारण सेरेब्रल पाल्सीचा धोका बाळ सहा महिन्यांचे होण्याच्या आत ओळखता येतो हे २०१७ पासून मान्य झाले आहे. त्यातील एक चाचणी, जिला हाइन म्हणतात, तिला कोणतेही यंत्र लागत नाही. बाळाची नजर, अंगाचा ताठरपणा, हालचाल अशा २६ गोष्टी डॉक्टरने क्रमाने पाहून गुण द्यायचे असतात. आपल्याकडील वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका ती किती अचूकपणे करू शकतील, हा सहज हाती घेता येण्याजोगा अभ्यास आहे.

नोंदवहीचे महत्त्व समजण्यासाठी मात्र स्वीडनकडे पाहावे लागते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो. सुरुवातीला दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही, आणि पूर्ण निखळला की बसणे, लंगोट बदलणे, झोपणे सगळेच वेदनेचे होऊन बसते. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ साली अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवून ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढायला आणि वेळेवर उपाय करायला सुरुवात झाली. त्याआधीच्या गटात सुमारे ९ टक्के मुलांचा खुबा निखळला होता, तो आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आला. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही. एक्स-रेची सोय आपल्याकडेही आहे. नसते ती यादी, आणि यादीतले मूल सहा महिन्यांत आले नाही म्हणून त्याच्या घरी फोन करणारे माणूस.

काय करू नये हे सांगणे हेही संशोधनाचेच काम आहे. सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा पुरावा २०१३ साली ऑस्ट्रेलियाच्या इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सिग्नलच्या तीन रंगांत मांडला. मूल स्वतः हालचाल करते, त्याच्यासाठी अर्थपूर्ण असे काही साधण्याचा सराव करते, आणि तो सराव घरी चालू राहतो, असे उपचार हिरव्या रंगात आले. कोणीतरी नुसते हात-पाय ताणून देण्याला मात्र पाठबळ मिळाले नाही. आपल्याकडे पालक या दुसऱ्या प्रकारावरच वर्षानुवर्षे खर्च करताना दिसतात. त्याहून अधिक काळजी वाटते ती स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, नावाखाली विकल्या जाणाऱ्या उपचारांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडल्यास स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. शेत विकून पैसे भरलेल्या पालकांना हे वाक्य आधी कोणीतरी वाचून दाखवायला हवे होते.

चाचण्यांच्या भाषेविषयी थोडे. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते, भामरागडमधील माडिया, नंदुरबारच्या डोंगरांतले भिल्ली किंवा पावरी. त्याचे बोलणे मराठीत तपासले आणि ते मागे आहे असे ठरवले, तर आपण त्याचा विकास मोजला की त्याची मराठी मोजली? या भाषांत पडताळलेल्या साध्या चाचण्या तयार करणे हे फारसे खर्चाचे काम नाही.

आणि आई. मूल दहा किलोंचे होते तेव्हा उचलणे शक्य होते, ते पंचवीस किलोंचे होते तेव्हा तिची पाठ जाते. काळजी घेणाऱ्याच्या शरीराचा, मनाचा आणि बुडालेल्या मजुरीचा अभ्यास हा मुलाच्याच काळजीचा अभ्यास आहे. मूल मोठे होते तेव्हा आणखी एक खिंडार पडते. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाची मर्यादा १२ वर्षांची असते. थॅलेसेमिया किंवा अपस्मार असलेला मुलगा तेराव्या वर्षी अशा विभागात जातो जेथे त्याला लहानपणापासून ओळखणारे कोणीच नसते. हे हस्तांतर कसे करावे, यावर आपल्याकडे भरीव काम व्हायला हवे.

शेवटी मोजायचे काय? २०१२ साली कॅनडातील पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी सहा गोष्टी सुचवल्या: मुलाला काय करता येते, त्याचे कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. सांध्याचा कोन पाच अंशांनी सुधारला हे लिहायला सोपे आहे. मूल चतकोर भाकरी ठसका न लागता खाऊ लागले, जेवण एका तासाऐवजी पंचवीस मिनिटांत होऊ लागले, गणपतीच्या आरतीला ते इतर मुलांमध्ये बसले, हे मोजण्यासाठी पालकांना विचारावे लागते, आणि अभ्यास सुरू होण्याच्या आधीच विचारावे लागते.

अशी अग्रक्रम ठरवणारी बैठक आपल्या एखाद्या जिल्ह्यात घ्यायची झाली, तर तिची तयारीही पालकांच्या दिवसाप्रमाणे करावी लागेल. वेळ सकाळी दहाची नको, अकराची एसटी पोहोचल्यानंतरची हवी. येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेला रोज त्याच दिवशी हातात मिळायला हवा. प्रश्न लिहून द्यायला सांगू नयेत, कोणीतरी शेजारी बसून ते आईच्या शब्दांत उतरवून घ्यावेत, आणि संकोचाचे प्रश्न सांगता यावेत म्हणून बायकांचा एक गट वेगळा बसवावा. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांचे तक्ते हवेत, म्हणजे त्यांनाही मत देता येईल. खोली तळमजल्यावर असावी, आणि भिंतीकडेला एक गादी घातलेली असावी, म्हणजे सात वर्षांच्या मुलाला तासभर मांडीवर धरून न ठेवता त्याची आई बोलू शकेल.